पात्याचं गाव: ट्रंकेत सापडलेला आदिवासी सुरा कुठला हे कसं ओळखावं

आमच्या चुलत आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत एक लांब पातं होतं. लाकडाच्या फळीत खोबण पाडून त्यात बसवलेलं, वर वेताचे दोन-तीन वेढे. ते पलटणीत होते, १९४४ साली पूर्वेच्या आघाडीवर होते, म्हणून घरात सगळे त्याला ‘आजोबांची खुकरी’ म्हणत. ती खुकरी नव्हती. एवढं कळायला एक मिनिट पुरलं, पण ते पातं कुठलं आहे हे ठरवायला मला दोन वर्षं लागली. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण या भागांतल्या कितीतरी घरांत असं एखादं पातं माळ्यावर असतं. कुणी नागालँडला नोकरीला होतं, कुणी जुन्या बाजारात घेतलं, कुणी बोर्नियो किंवा फिलिपिन्स फिरून आलं. अशी वस्तू पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यासाठी ही रीत लिहीत आहे. उदाहरणाला आमचंच पातं घेतो.

आधी हात आवरा

पहिलं काम म्हणजे काहीही साफ करू नका. चिंच, लिंबू, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश यांतलं काहीच नको. पात्यावरचा काळसर तपकिरी थर, म्यानाच्या तोंडाशी जमलेला तेलकट मळ, मुठीच्या सांध्यात अडकलेली राळ हे सगळे पुरावे आहेत, आणि एकदा घासले की ते परत मिळत नाहीत. सुटी लाल गंजाची भुकटी मऊ फडक्याने टिपा, पात्यावर यंत्राच्या तेलाचा एक थेंब पसरवा आणि थांबा.

दुसरं काम सुरक्षेचं. दोन लाकडी फाका जोडून केलेलं जुनं म्यान शिवणीवर उकललेलं असतं आणि पातं त्या फटीतून बाहेर येऊन बोट कापतं. म्हणून म्यान नेहमी पाठीच्या, म्हणजे बोथट कडेच्या बाजूने धरा. बोटं धारेच्या बाजूला गुंडाळून म्यान मुठीत आवळायचं नाही. पातं जाम झालं असेल तर ओढू नका, पाठीवर दाब ठेवून हळूहळू सरकवा.

मग फोटो. पात्याच्या दोन्ही बाजू, वरून दिसणारी पाठ, टोक, मूठ आणि पात्याचा सांधा, मुठीचं बूड, म्यानाची पुढची बाजू आणि मागची बाजू. शेजारी फुटपट्टी ठेवा. म्यानाच्या मागच्या बाजूचा फोटो बहुतेक लोक काढतच नाहीत, आणि पुष्कळदा उत्तर तिथेच असतं.

म्यानापासून सुरुवात करा

नवखा माणूस पात्याचा आकार बघतो. माझं सांगणं उलटं आहे. पातं दूरवर फिरतं. चांगल्या लोहाराचं पातं चार खोरी ओलांडून विकलं जायचं. आसाम-ब्रह्मदेश सीमेवर सिंगफो लोहारांच्या पात्यांना शेजारच्या जमातींत मोठा मान होता. अरुणाचलच्या डोंगरांत तिबेटकडून आलेली लांब पाती वापरात होती. कोन्याक नागांची लोहारकी तर प्रसिद्धच. पातं असं विकत आणलं जाई, पण म्यान बहुधा वापरणारा माणूस किंवा त्याच्या गावातला सुतारकाम जाणणारा कुणी घरच्या लाकडाचं, घरच्या वेताचं करी. म्हणून पात्यावरून लोहार कळतो आणि म्यानावरून माणूस कळतो. आपल्याला माणूस शोधायचा आहे.

म्यान कशाचं आहे ते आधी बघा. चामड्याने मढवलेलं म्यान असेल तर नजर नेपाळ, अफगाण डोंगर किंवा अरबस्तानाकडे वळवा. लाकूड आणि वेत असेल तर ईशान्य भारतापासून ब्रह्मदेश, बोर्नियो, फिलिपिन्स ते तैवानपर्यंतचा पट्टा डोळ्यांपुढे ठेवा. हा नियम पोलादी नाही, पण सुरुवातीला अर्धा आशिया बाजूला सारतो.

आता आमच्या पात्याकडे या. त्याचं म्यान एका बाजूने उघडं होतं: एक जाड फळी, तीत पात्याच्या मापाची खोबण, आणि पातं बाहेर पडू नये म्हणून आडवे वेढे. पुढून अर्धं पातं दिसतं. अशी उघडी म्यानं पाहिली की लोक झटकन ‘नागा’ म्हणतात. मीही तसंच म्हटलं होतं. पण असं म्यान एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूरच्या लोकांकडे आहे, आणि प्रत्येकाची खूण वेगळी.

नागांकडे पुष्कळदा पूर्ण म्यानच नसतं. कमरेच्या मागे पट्ट्याला लावलेला एक लाकडी ठोकळा असतो, त्याच्या खाचेत पातं अडकतं आणि बाकीचं उघडं राहतं. सिक्कीम आणि दार्जिलिंगच्या लेपचांचं ‘बान’ लांब, सरळ, एकधारी असतं. त्याचं म्यानही एका बाजूने उघडं, पण पातं टोकाकडे रुंदावत नाही. ब्रह्मदेशातले काचिन, आणि आपल्याकडे आसाम-अरुणाचलात राहणारे त्यांचेच भाईबंद सिंगफो, उघड्या फळीला वेताची मोठी गोल कडी बांधतात. ती कडी खांद्यातून तिरकी अडकवायची. फिलिपिन्समध्ये लुसॉन बेटावरच्या इफुगाओ लोकांकडेही एकफळी म्यान आहे, पण आतलं पातं पानाच्या आकाराचं. तैवानच्या डोंगरातल्या जमातींकडे फळीच्या उघड्या बाजूवर वेताऐवजी धातूच्या पट्ट्या किंवा तार ठोकलेली दिसते. अतायल लोकांचं म्यान टोकाला माशाच्या शेपटीसारखं पसरतं, तर पायवानांकडे कोरीव माणसं आणि साप येतात. हा साप म्हणजे त्यांना पूज्य असलेला विषारी ‘शंभर पावलांचा साप’.

आमच्या म्यानाला धातूची पट्टी नव्हती, कोरीवकाम नव्हतं. मागे मात्र दोन भोकं होती आणि त्यांत जुन्या वेताचे तुटके धागे. म्हणजे तिथे काहीतरी बांधलेलं होतं आणि ते गेलं. ट्रंकेच्या तळाशी वेताचं एक वाकलेलं कडं पडलं होतं. घरात कुणीतरी ते टोपलीचं समजून ठेवलं होतं. ते कडं भोकांशी जुळलं तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. म्हणून सांगतो, पात्याबरोबर सापडलेली दोरी, कडी, चिंधी, काहीही फेकू नका.

म्यानाशेजारीच पातं अंगावर कसं वागवत हा प्रश्न विचारा. कोकणातल्या वाचकाला हे लगेच उमजेल. आपल्याकडे कमरेला मागे आकडी आणि आकडीत उघडा कोयता. आकडी हरवली तर तो कोयता कुठल्या भागातला, कोण वापरत होता, हे सांगणं किती कठीण! कर्नाटकातल्या कोडगूमध्ये हीच गोष्ट मोठ्या थाटात दिसते. कोडवांची रुंद वाकडी आयुधकत्ती कमरेमागच्या पितळी पकडीत, तोडंगमध्ये, म्यानाशिवाय बसते. तोडंग नसलेली आयुधकत्ती बाजारात लाकूड तोडायचा कोयता म्हणून विकली जाते. येमेनमध्ये तर म्यानाच्या ठेवणीवरून समाजातलं स्थान कळतं. टोळीवाल्याचा जंबिया पोटाच्या मध्यावर, टोकाला जोरात वळलेल्या म्यानात. सय्यद आणि काझी घराण्यांचा बारीक म्यानात, उजवीकडे कललेला. ‘जंबिया’ हा शब्द आपल्या मराठीत उगाच आलेला नाही. मराठ्यांच्या फौजांत अरब शिपाई होते, नागपूरकर भोसल्यांकडच्या अरबांनी १८१७ साली इंग्रजांना चिवटपणे तोंड दिलं. जुन्या वाड्यात निघालेला जंबिया पाहताना हे लक्षात ठेवा. तो घडला कुठे आणि वागवला कुठे, ही दोन वेगळी उत्तरं असू शकतात.

पातं आडवं कापलं तर कसं दिसेल?

पात्याच्या बाह्याकृतीपेक्षा त्याचा आडवा छेद जास्त बोलतो. धारेच्या समोर डोळा आणून टोकाकडून मुठीकडे बघा, मग फुटपट्टीची कड पात्यावर आडवी टेकवा.

दोन्ही बाजूंनी सारखा उतार असेल तर फारसं काही कळत नाही. धार पटाशीसारखी एकाच बाजूने उतरवलेली असेल तर नागांच्या दाओचा, म्हणजे तिथल्या कोयत्यासारख्या पात्याचा विचार करा. बांबू तासायला तशी धार सोयीची पडते. फुटपट्टी एका बाजूला टेकल्यावर मध्ये पोकळी दिसली आणि दुसरी बाजू फुगीर निघाली, तर तुमच्या हातात बहुधा बोर्नियोतल्या दायाक लोकांचा मांडाउ आहे. एक अंग खोलगट, दुसरं उंचवट्याचं, त्यामुळे उजव्या आणि डावखुऱ्या माणसाचं पातं वेगळं. दुसऱ्या कुणाशी हा गोंधळ होत नाही. मांडाउच्या म्यानामागे एक छोटी खोळ असते, तीत लहान पात्याची आणि लांब दांड्याची वेत सोलायची सुरी. ती हरवलेली असली तरी खोळ दिसते.

पाठ वरून बघताना इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी, म्हणजे वर आडवी पट्टी आणि खाली पातळ पातं, असा छेद असेल तर अफगाण सीमेवरच्या पठाण टोळ्यांचा लांब सुरा. त्याला मुठीपुढे आड, म्हणजे हात पात्यावर घसरू नये म्हणून असणारी आडवी पट्टी नसते, आणि मूठ म्यानात जवळजवळ पूर्ण बुडते. खुकरीचं तर सगळ्यांनाच ठाऊक आहे: पुढे वाकलेलं पातं, मुठीजवळ धारेला छोटी खाच, म्यानामागे दोन लहान साथीदार. त्यांतला धारेचा कर्दा आणि बोथट चकमक. पण खुकरी आहे एवढ्यावरून गाव ठरत नाही. गावातल्या कामी (नेपाळी लोहार जातीच्या) माणसाने घडवलेली, सैन्यासाठी ठेक्याने केलेली, आणि डेहराडूनला पर्यटकांसाठी बनवलेली, तिन्ही खुकऱ्याच. मुठीवर सिंहाचं तोंड आणि पात्यावर चमकदार नक्षी असेल तर ती बहुधा घरात शोभेला ठेवण्यासाठी केलेली.

आमचं पातं ४६ सेंटिमीटर लांब. मुठीपाशी ३ सेंटिमीटर रुंद, टोकाकडे ५ च्या वर. टोक अणकुचीदार नाही, आडवं कापल्यासारखं. खुकरी, बान, इफुगाओचं पान आणि मांडाउ इथेच गळाले. नागा आणि काचिन उरले.

मूठ आणि सांधा

पातं मुठीत कसं रोवलंय ते बघा. पात्याची निमुळती शेपटी लाकडात घुसवून लाखेने किंवा राळेने पक्की केलेली असेल, तर हा आशियातला सर्वांत रुळलेला मार्ग आहे आणि त्यावरून फार पुढे जाता येत नाही. पण पात्याचंच लोखंड गुंडाळून पोकळ नळीसारखी मूठ केलेली असेल तर तैवानच्या डोंगरी जमातींकडे बघा. त्या नळीत काठी घातली की सुऱ्याचा भाला होतो. मूठ सांबराच्या शिंगाची, कोरीव आणि केसांचे झुबके लावलेली असेल तर बोर्नियो. मुठीच्या बुडाशी पक्ष्याचं डोकं, लांब चोचीचा काकाकुवा असेल आणि पातं पानासारखं रुंद, तर दक्षिण फिलिपिन्समधल्या सुलू बेटांचा बारोंग.

मुठीवरचं पितळ खरं आहे का हे बघायला लोहचुंबक लावा. चिकटलं तर बहुधा आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा.

लाकडाची जात डोळ्यांनी ओळखायचा प्रयत्न करू नका. शंभर वर्षं हाताचं तेल प्यायलेलं कुठलंही लाकूड सारखंच दिसतं.

झीज खोटं बोलत नाही

ही पायरी मला सर्वांत प्रिय आहे, कारण इथे माणूस भेटतो. वर्षानुवर्षं दगडावर घासलेल्या पात्याचं पोट आत गेलेलं असतं, रुंदी असमान झालेली असते. मुठीवर अंगठ्याची जागा गुळगुळीत. म्यानाच्या तोंडाशी पातं रोज आतबाहेर होऊन चकाकी आलेली. पाठीवर बारीक ठोक्यांचे डाग, कारण पाठीचा हातोडी म्हणूनही वापर होतो.

बाजारात अशा वस्तूंना ‘मुंडकी तोडणाऱ्यांचा सुरा’ असं भडक लेबल लावून किंमत वाढवतात. त्या लेबलाचा मला राग येतो. लढाया झाल्या, मुंडक्यांच्या प्रथाही होत्या, ते नाकारायचं कारण नाही. पण दाओने रोज काय केलं? झूम, म्हणजे डोंगरातल्या फिरत्या शेतीसाठी रान साफ केलं, बांबू फोडला, घराच्या वाशाला खाच पाडली, मांसाचे तुकडे केले. आपल्या कोयत्यासारखंच ते घरातलं हत्यार होतं. झीज वाचता आली की हे दिसायला लागतं.

उलट खुणाही शिका. पातं पत्र्यासारखं पातळ, धार कधी लावलेलीच नाही, बकऱ्याचे केस भडक लाल, मूठ आणि म्यान एकाच वयाचे आणि एकाच वार्निशचे: ती पर्यटकांसाठीची वस्तू. पण जुन्या म्यानाला नायलॉनची दोरी दिसली म्हणून ती खोटी ठरवू नका. वापरणारा माणूस तुटलेला वेत बदलून हाताला मिळेल ते बांधतो. तसंच ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून केलेलं पातं नकली नव्हे. नेपाळमध्येही आणि आपल्याकडेही लोहार आज तेच पोलाद वापरतात. ते फक्त पात्याचं वय सांगतं.

नावावर जाऊ नका

विक्रेत्याने ‘दाओ’ म्हटलं, वारसाने ‘धा’ म्हटलं, पावतीवर ‘पारांग’ लिहिलं, यावरून गाव ठरत नाही. आसामीत आणि बंगालीत दा किंवा दाओ, ब्रह्मी भाषेत धा, मलायीत पारांग, फिलिपिन्समध्ये बोलो, हे शब्द ‘सुरा’ किंवा ‘कोयता’ इतकेच मोघम आहेत. चिनीतही दाओ म्हणजे पातंच. जमातीचं स्वतःचं नाव कळलं तर ते नोंदवा. काचिन लोक आपल्या तलवारीला ‘न्हतू’ म्हणतात आणि त्यांच्या मानाऊ उत्सवात ती हातात घेऊन नाचतात.

घरची कथा वेगळ्या कागदावर लिहा

आमच्या घरी सांगत, आजोबांनी ते सांगशाकला मिळवलं. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकच्या लढाईत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती, हे खरं. सांगशाक उखरूल भागात, तांगखुल नागांच्या मुलखात आहे. म्हणून कथा नागाकडे बोट दाखवत होती आणि वेताचं कडं काचिनकडे. मी बरेच महिने कथेच्या बाजूने पुरावे वाकवत राहिलो. मग ध्यानात आलं की कथा वस्तूचा प्रवास सांगते, जन्म नाही. सैनिक हलतात, वस्तू हातोहात जातात, शेजाऱ्याकडून विकत घेतल्या जातात. कथा जशी ऐकली तशी, सांगणाऱ्याच्या नात्यासह आणि तारखेसह लिहून ठेवा. वस्तूचे पुरावे दुसऱ्या कागदावर. दोन्ही कागद जुळले तर उत्तम. नाही जुळले तर कुठलाही फाडू नका.

ताडून कुठे पाहायचं

तारीख आणि ठिकाण नोंदलेल्या संग्रहाशीच तुलना करा, विक्रीच्या जाहिरातींशी नाही. जाहिराती एकमेकींची नक्कल करतात, चूकही तशीच पुढे जाते. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात हटन आणि मिल्स या दोन प्रशासकांनी नागा टेकड्यांतून गोळा केलेला मोठा साठा आहे आणि त्याची नोंदवही ऑनलाइन शोधता येते. ब्रिटिश म्युझियमचीही. तैवानसाठी तैपेईचं शुंग ये संग्रहालय. प्रत्यक्ष बघायचं तर शिलाँगचं डॉन बॉस्को संग्रहालय आणि भोपाळचं मानव संग्रहालय. पुण्यात केळकर संग्रहालयातली शस्त्रं पाहून मूठ, सांधा, म्यान वाचायची सवय होते, आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आपल्याच राज्यातल्या जमातींची हत्यारं दाखवतं. शोधताना वस्तूच्या नावाऐवजी जमात आणि ठिकाण टाका. मग तीन गोष्टी जुळतात का बघा: पात्याचा छेद, मुठीचा सांधा, म्यानाची मागची बाजू. एकच जुळली तर थांबा. दोन जुळल्या तर पेन्सिलीने लिहा.

शक्य असेल तर त्या भागातल्या माणसाला दाखवा. मी आमचे फोटो एका सिंगफो मित्राला पाठवले. त्याने पात्याबद्दल काहीच सांगितलं नाही. कडं उलटं बांधलंय, एवढंच लिहिलं, आणि सरळ कसं बांधायचं ते स्वतःच्या आजोबांच्या न्हतूच्या फोटोवरून दाखवलं.

कायद्याचं थोडक्यात

शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्रांत मोडतं. घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योगासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. तुमच्या जिल्ह्यात काय लागू आहे ते पोलीस ठाण्यात विचारा, आणि असं पातं घेऊन रस्त्यावर, बसमध्ये फिरू नका. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो, ती परदेशी पाठवता येत नाही. हस्तिदंत, धनेशाची चोच, अस्वलाचे किंवा वाघाचे दात लागलेले असतील तर १९७२ चाच वन्यजीव कायदा आडवा येतो. ते विकत घेण्याच्या भानगडीत पडूच नका.

चिठ्ठी

शेवटी एक चिठ्ठी लिहा आणि ती सुती दोऱ्याने म्यानाला बांधा, पात्याला नव्हे. आमची अशी आहे:

‘लांब पातं, एकफळी म्यान, वेताचं खांदाकडं. पातं ४६ सेंमी. काचिन किंवा सिंगफो, उत्तर ब्रह्मदेश ते पूर्व अरुणाचल. पातं कुठल्या लोहाराचं, माहीत नाही. पोटाशी बरीच झीज, कामात वापरलेलं. घरची कथा: सांगशाक, १९४४, आजोबांकडून (वेगळा कागद पाहा). कडं सिंगफो मित्राच्या सांगण्यावरून पुन्हा बांधलं. साफ केलेलं नाही.’